भरतीरेषेच्या आतलं घर

पर्यावरणाची फाईल माझ्या टेबलावर आली ती मी रजेवर असताना. सरकारी नोकरीत रजेवर गेलेल्या माणसाच्या नावावर काय काय चढतं, ते भोगलेल्यालाच ठाऊक. अठ्ठ्याण्णव सालचे गणपती राजापूरला घरी करून मी रत्नागिरीला परतले, तर टेबलावर एक जाडजूड फाईल आणि तिच्यावर आमच्या प्रमुखांच्या वळणदार अक्षरात माझं नाव.

आमचं केंद्र शहरापासून थोडं बाहेर, समुद्राला लागून होतं. सरकारी संशोधन केंद्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी भव्य येतं. प्रत्यक्षात चिऱ्याच्या दोन-तीन बैठ्या इमारती, कोळंबीच्या टाक्यांची एक लांब शेड आणि खाली पुळणीच्या, वाळूच्या किनाऱ्याच्या, कडेला समुद्राचं पाणी खेचणारं पंपघर, एवढाच कारभार. माझं काम कोळंबीची पिल्लं वाढवायचं, आणि ती मेली की का मेली याचा अहवाल लिहायचं. पर्यावरणाबद्दल मला एवढंच माहीत होतं की पाच जूनला एक झाड लावायचं असतं, आणि ते गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात लावायचं असतं.

मी फाईल उचलून प्रमुखांकडे गेले. म्हटलं, “सर, मला यातलं काही कळत नाही.”

“कुणालाच कळत नाही,” ते म्हणाले. “पण तुम्ही निदान वाचता.”

मी वाचायला बसले आणि माझा उरलासुरला आत्मविश्वासही गेला. आम्ही समुद्राचं पाणी घ्यायचो, टाक्यांत खेळवायचो आणि पुन्हा समुद्रात सोडायचो. सोडलेल्या पाण्यात क्षार किती, अशी एका तक्त्यात विचारणा होती. मी तपासून खरा आकडा कळवला. वरून खुलासा मागवला गेला, की क्षार मर्यादेबाहेर का? मी लिहिलं, पाणी समुद्राचं आहे म्हणून. त्यावर प्रश्न आला, की ते कमी करण्यासाठी कोणती उपाययोजना केली? हसावं की रडावं ते मला कळेना. शेवटी प्रमुखांनी ‘उपाययोजना विचाराधीन आहे’ असं लिहायला लावलं, आणि त्या एका वाक्याने सगळ्यांचं समाधान झालं. माझं मात्र झालं नाही. आपण मूर्ख आहोत की समोरचा, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला.

त्यानंतर फाईलमधलं मोठं प्रकरण निघालं, ते भरतीरेषेचं. उधाणाच्या भरतीचं पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं, तिथे नकाशावर एक रेषा मारायची. रेषेच्या मागे, जमिनीच्या बाजूला, बंधनं होती, पण जुन्या घराच्या जागी नवं घर बांधायला परवानगी मिळू शकत होती. रेषेच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, म्हणजे समुद्राच्या पोटात. तिथे घर असूच शकत नाही. आमच्या केंद्राला पुढची मंजुरी हवी तर आमच्या किनाऱ्याचा असा नकाशा लागणार होता, आणि रेषा मारायला बाहेरून मोजणीचे साहेब येणार होते.

ह्या रेषेची आमच्यापेक्षा जास्त गरज दुसऱ्याच कुणाला तरी होती. आमच्याकडे झाडलोट करायला एक मावशी होत्या. केंद्राच्या गडग्याला, दगडी कुंपणाला लागूनच, पुळणीच्या वरच्या अंगाला, त्यांचं मातीच्या भिंतींचं घर होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा मिरकरवाड्याच्या बंदरातल्या एका ट्रॉलरवर खलाशी. मुलगा कमावता, देखणा, पण घर बघितलं की मुलीकडचे चहा पिऊन जायचे ते पुन्हा निरोप पाठवायचे नाहीत. त्या वर्षी मावशींना ग्रामपंचायतीतून घरकुल मंजूर झालं होतं. फक्त एकच अडचण होती, घर समुद्राजवळ असल्यामुळे ते रेषेच्या मागे आहे असा दाखला हवा होता. ग्रामसेवकाने त्यांना सांगितलं होतं, केंद्राचा नकाशा होतोय, त्यात तुमचं घर दिसेलच, त्याची प्रत आणा.

“मॅडम, ती रेघ मारली की झालं ना माजं काम?” मावशी रोज विचारायच्या.

“झालंच समजा,” मी म्हणायची. त्यांचं घर त्या जागी त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून उभं होतं. मातीच्या भिंती आणि भरतीचं पाणी एकत्र नांदत नाहीत, हे सांगायला साहेब कशाला हवा होता?

मोजणीचे साहेब येणार अशी तार आली आणि केंद्रात लगीनघाई सुरू झाली. आमच्याकडे कुठलाही साहेब येणार असला की एकच विधी ठरलेला. वाटेच्या कडेचे दगड गेरूने रंगवायचे, माडांच्या बुंध्यांना चुना फासायचा, सगळीकडून केर काढायचा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या. साहेब लेखापरीक्षणाला येवोत की कोळंबी बघायला, विधीत फरक नाही. ह्या वेळी साहेब किनारा बघणार होते, म्हणून प्रमुखांनी किनारा झाडायला सांगितलं.

मावशींनी दोन दिवस खपून पुळण झाडली. मागच्या उधाणाने आणून टाकलेलं शेवाळ, सुरूच्या काड्या, जाळ्यांचे तुकडे, चपला, निर्माल्य, सगळं त्यांनी खराट्याने वर वर लोटत नेलं. पंपघराच्या मागून, टाक्यांच्या शेडच्या मधल्या बोळातून, गडग्याच्या कडेने, थेट आपल्या घराच्या परसापर्यंत त्यांनी त्याची एक सलग, सरळ ओळ लावली. साहेब गेले की ते शेवाळ त्या आपल्या दोन माडांच्या आळ्यांत घालणार होत्या. माडाला ते मानवतं. ओळ इतकी देखणी झाली होती की आमच्या शिपायाला राहवलं नाही, त्याने तिच्या कडेने फक्कीही मारली.

साहेब आले ते ओहोटीच्या वेळी. त्यांना त्याच दिवशी गणपतीपुळ्याच्या बाजूचं आणखी एक काम उरकायचं होतं. साहेब येणार असले की झाडूवाल्यांनी नजरेआड राहायचं, हाही विधीचाच भाग, त्यामुळे मावशी पंपघरात बसून होत्या. साहेब पुळणीवर उभे राहिले, वर त्या ओळीकडे पाहिलं आणि खुशीत म्हणाले, “वा, इथे तर स्पष्टच दिसतंय. भरतीने आणून टाकलेला कचरा हाच सगळ्यात चांगला पुरावा. आणि तुम्ही रेषाही आधीच मारून ठेवलीत की.”

प्रमुख हसले. साहेब हसले की ते हसत.

“ते झोपडं आत येतंय,” साहेब म्हणाले. “उधाणाला पाणी त्याच्या मागेपर्यंत जात असणार.”

“जातं ना, सर,” प्रमुख म्हणाले. ते उधाणाला कधी खाली उतरले होते असं मला तरी आठवत नाही.

“सर, तो कचरा मुळात तिथला नाही, आपण झाडून...” मी सुरुवात केली.

“मॅडम, पोह्यांचं काय झालं ते जरा बघता का?” प्रमुख म्हणाले.

मला राग आला, आणि मी पोह्यांचं बघायला गेले. परत आले तर साहेब गाडीत बसले होते. मला वाटलं, इतक्या शिकलेल्या माणसाकडे आणखी काही साधन असेलच, केराच्या ओळीवरून कुणी समुद्राची हद्द ठरवत नाही. नकाशात बरोबर येईल.

नकाशा आला पुढच्या वर्षी. मी तो टेबलावर पसरला आणि आधी चक्क हसले. पंपघर समुद्रात होतं. टाक्यांची अर्धी शेड समुद्रात होती. मी ज्या खुर्चीत बसले होते ती जेमतेम जमिनीवर होती. मग माझी नजर गडग्यापलीकडच्या छोट्या चौकोनाकडे गेली. मावशींचं घर पूर्णपणे समुद्रात होतं.

मी नकाशा घेऊन धावत प्रमुखांकडे गेले. मला वाटलं, त्यांच्याही तोंडचं पाणी पळेल. ते शांत होते.

“हे आपल्या दृष्टीने उत्तम झालं,” ते म्हणाले. “ज्याचं काम समुद्राच्या पाण्याशिवाय चालत नाही, त्याला आतही परवानगी आहे. आपण सरळ त्या कलमात बसतो. रेषेच्या मागे असतो तर पंपघर खाली कशाला, शेड एवढी पुढे कशाला, शंभर प्रश्न आले असते.”

“पण सर, पाणी तिथवर येत नाही.”

“नकाशाप्रमाणे येतं.”

“आणि मावशींचं घर?”

त्यांनी नकाशाची घडी घातली. वाईट माणूस नव्हता तो. मावशींच्या नवऱ्याच्या आजारपणात त्यांनीच केंद्राची गाडी दिली होती. “त्यांचं काहीतरी बघू,” ते म्हणाले. केंद्राची मंजुरी महिन्याभरात आली. इतकी वर्षं लोंबकळलेला कागद चुकीच्या नकाशावर सुटला, आणि मला आनंद व्हायला हवा होता की नाही हे आजही ठरवता येत नाही.

मावशींना घराचं ग्रामसेवकाकडून कळलं. दुसऱ्या दिवशी खराटा घेऊनच त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“मॅडम, माजं घर समुद्रात हाय म्हणतात.”

“मावशी, कागदावर तसं आलंय.”

“मग काल मी भात शिजवला तो कुठं?”

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. रेषा म्हणजे काय, साहेबांनी ती कशावरून ठरवली, त्यांनी लावलेल्या ओळीमुळे काय झालं. त्या ऐकत होत्या, पण त्यांचा चेहरा कोराच. मी बोलत गेले तसं ते सगळं मलाच खोटं वाटायला लागलं. एक बाई नीट केर काढते आणि समुद्र पुढे सरकतो, हे मी कुठल्या तोंडाने पटवणार होते?

“म्हणजे मी झाडलं म्हणून?” त्यांनी शेवटी विचारलं.

“तुम्ही सांगितलेलं काम केलंत,” मी म्हटलं. “चूक त्यांची झाली.”

“कुणाची पण असंल. रेघ सरकवा म्हणजे झालं.”

पौर्णिमेच्या उधाणाला त्यांनी मला मुद्दाम घरी बोलावलं. भर दुपारी आम्ही त्यांच्या उंबऱ्यावर बसलो. पाणी चढत चढत पंपघराच्या खालच्या खडकांपर्यंत आलं, थोडं पुढे सरकलं, शेवाळाची एक ओळ टाकून थबकलं आणि परत फिरलं. उंबऱ्यापासून ते बरंच लांब होतं. मावशींनी बिनदुधाचा चहा दिला आणि मी तो समुद्राच्या पोटात बसून प्यायले. डोळ्यांना दिसतं ते धरायचं की सही-शिक्का असलेलं?

मी मोजणी खात्याला पत्रं लिहायला लागले. प्रमुखांनी सही करायला कुरकुर केली, कारण रेषा खाली सरकली असती तर आमचीच मंजुरी पुन्हा उघडी पडली असती. पण मी त्यांच्या टेबलासमोरून हलले नाही, आणि त्यांनी शेवटी सही ठोकली. उत्तरं यायची, त्यात रेषा ‘निश्चित’ झाल्याचं असायचं. पुन्हा लिहायची. दरम्यान पावसाळ्यात मावशींच्या घराची मागची भिंत बसली. तिथे त्यांनी माडाच्या चुडतांची, विणलेल्या झावळ्यांची झड बांधली. ग्रामसेवक बिचारा भला होता, तो म्हणाला, मी मार्चपर्यंत तुमचं नाव धरून ठेवतो, त्यानंतर घरकुल पुढच्या नावाला द्यावं लागेल. मुलासाठी पावस गावाकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलीच्या वडिलांनी एवढंच विचारलं होतं, घर कधी होतंय?

हिवाळ्यात एकदाचं उत्तर आलं. फेरतपासणीला अधिकारी येणार, त्यांनी जागेवरचे पुरावे पाहून रेषा योग्य वाटली नाही तर दुरुस्त करण्याची शिफारस करावी. मी ते पत्र दोनदा वाचलं, इतका माझा विश्वास बसेना.

आता चूक होऊ द्यायची नव्हती. मी प्रमुखांना सांगितलं, ह्या वेळी गेरू नको, फक्की नको, पुळणीला हात नको. “साहेब येणार आणि किनारा असा?” त्यांना ते सहनच होईना. पण कबूल झाले. मग मी मावशींकडे गेले.

“मावशी, समुद्राने जे जिथे टाकलंय ते तिथेच असू दे. आपल्याला तेच दाखवायचंय. कचरा जिथे, तिथे रेषा. कळलं ना?”

“कळलं,” त्या म्हणाल्या. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. “कचरा जितं, थितं रेघ.”

तपासणीच्या दिवशी मी गाडीबरोबरच खाली उतरले. आलेला अधिकारी तरुण होता. बुटांची फिकीर न करता तो थेट वाळूत शिरला. त्याच्याजवळ भरती-ओहोटीचं कोष्टक होतं आणि ते त्याने खरोखर वाचलेलं होतं. मला वाटलं, आपली इतक्या दिवसांची तपश्चर्या फळाला आली. आणि मग मी पुळणीकडे पाहिलं.

जिथे उधाणाचं शेवाळ पडलेलं असायला हवं होतं, तिथे वाळू स्वच्छ होती. तिच्यावर खराट्याचे फराटे उमटलेले होते. आणि खाली, पार खाली, ओल्या वाळूवर, जिथे लहानसहान भरतीचंही पाणी रोज चढून जातं, तिथे शेवाळाची आणि काड्यांची एक सरळ, नीटनेटकी ओळ होती.

अधिकारी तिथवर चालत गेला. काठीने त्याने शेवाळ उलटंपालटं केलं. “हे इथे कुणीतरी आणून टाकलंय,” तो म्हणाला. “सकाळी ओहोटी लागल्यावर. ही ओळ इथे असूच शकत नाही.”

“खरी ओळ वर आहे,” मी म्हटलं.

“कुठे?”

मी बोट दाखवलं. तिथे काहीच नव्हतं. मग मी त्याला पहिल्या वेळची सगळी हकिगत सांगितली, झाडलेल्या पुळणीची, फक्कीची, पोह्यांची. त्याने मध्ये न तोडता ऐकून घेतलं.

“म्हणजे त्या वेळी तुमच्या माणसांनी कचरा वर नेला आणि ह्या वेळी खाली आणला,” तो म्हणाला. “मॅडम, मी कशावर विश्वास ठेवू? पुरावा हलवलेला दिसतोय, तर मला आधीचीच रेषा कायम ठेवावी लागेल.”

इतक्या वर्षांत आमच्याकडे आलेला तो पहिलाच माणूस होता ज्याला काम कळत होतं, आणि तो म्हणत होता त्यात खोट काढायला मला कुठे जागा दिसेना. त्याच्यावर चिडायचं तर कशावरून चिडायचं? गाडी गेली तेव्हा प्रमुख माझ्या शेजारी उभे होते. “तरी मी म्हणत होतो, झाडून घेऊ,” ते म्हणाले.

मार्च उलटला. घरकुल यादीतल्या पुढच्या नावाला गेलं. पावसच्या स्थळाकडून निरोप आला नाही आणि मावशींनीही विचारायला कुणाला पाठवलं नाही. मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. सांगून, समजावून, घोकवून घेऊन ह्या बाईने असं का करावं? शेवटी राहवेना म्हणून एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या मागच्या पडक्या भिंतीपाशी बसून नवी चुडतं विणत होत्या.

“मावशी, मी तुम्हाला हात लावू नका म्हटलं होतं.”

“व्हय.”

“मग?”

“तुमीच बोल्लात, कचरा जितं थितं रेघ. मग म्हटलं, आपल्या हातातच हाय तर जरा खाली नेऊन ठेवूया.”

“पण इतकं खाली कशाला? जिथे होता तिथे तुमचं घर सुटत होतं ना? आहे त्या जागी घरकुल झालं असतं.”

त्यांनी आणखी एक पान ओढून घेतलं. मग हातातलं पान न सोडताच म्हणाल्या, “घरकुल म्हणजे खोली एकच, बाय. सून आली असती तर मी निजायची कुठं? पुढं पडवीपुरती जागा सुटंल, म्हटलं.”